वर्गणी कशाला? हक्क मागा!



परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे गाव आहे. पिंगळी काय किंवा जिल्ह्यातील दुसरे कोणतेही गाव काय, जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेचा विषय निघाला की दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, “आमची मुले शहरातील इंग्रजी शाळेत जातात, आम्हांस काय त्याचे?” दुसरा म्हणतो, “सरकारच्या मागे कोण लागणार? वर्गणी काढू आणि पत्रे टाकू.” पहिले उत्तर स्वार्थाचे आहे, हे सांगावयास नको. परंतु सज्जनपणाचे भासणारे दुसरे उत्तरच अधिक घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्याचे कर्तव्य त्याला मोकळे सोडावयाचे आणि शेतमजुराच्या कनवटीला हात घालावयाचा, हा कोठला न्याय? शिवाय गावगाड्यातील वर्गणीची रीत आपणांस ठाऊक आहेच. ज्याची रक्कम मोठी, त्याचे नाव पाटीवर. आणि ज्याचे नाव पाटीवर, त्याचा शब्द शाळेच्या ओट्यावर चालतो. सातारच्या शाळेत बाल भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागत असे. दुसऱ्याच्या मेहेरबानीने मिळालेल्या जागेची किंमत आपल्या समाजाइतकी कोणी मोजलेली नाही. धम्मदीक्षा घेऊन आपण ती लाचारी टाकली. ती शाळेच्या छपरावाटे पुन्हा घरात घेऊ नका.

या प्रश्नात मुलांच्या जिवाचा संबंध आहे. आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरील भिंतींना तडे जातात. छत गळू लागले की आतील सळया गंजतात, गंजून फुगतात आणि सिमेंटचे पोपडे खाली येतात. त्यावर वरून चुना फासणे म्हणजे फसवणूक होय. २८ ऑगस्ट २०१७ रोजी तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील निंबोडी येथे शाळेचे छत कोसळून तीन मुले दगावली. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील पिपलोदी येथे सात गेली. ही कोणाची मुले होती? ज्यांना दुसरी शाळा परवडत नाही त्यांची.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे आपले लक्ष जात नाही. शाळेच्या कपाटात जुन्या नोंदवह्या असतात. १९९० च्या कायदादुरुस्तीने बौद्ध झालेल्यांचे अनुसूचित जातीचे हक्क केंद्राने मान्य केले खरे; पण जात पडताळणीच्या वेळी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो, आणि आजोबा-पणजोबांच्या नावची शाळेतील नोंद हाच बहुधा गरिबाचा एकमेव कागद असतो. निजामी अमदानीत जेथे शाळा होती, तेथे अशा नोंदी उर्दूतही सापडतात. गळक्या छपराखाली तो कागद भिजला, तर नातवाची शिष्यवृत्ती आणि नोकरी त्याच्याबरोबर भिजली असे समजा.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली तेव्हा आपला समाज रस्त्यावर आला, आणि त्याने यावयासच हवे होते. त्याच संविधानात २००२ साली अनुच्छेद २१-क घातला गेला. त्यावरून झालेला २००९ चा शिक्षण हक्क कायदा सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींना स्वतंत्र शौचालये आणि पिण्याचे पाणी बंधनकारक करतो. २००९ सालीच अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग ठरविला. मग वर्गणीची पावतीपुस्तके कशासाठी छापावयाची?

कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, वंचित घटकांतील पालकांना संख्येच्या प्रमाणात जागा असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. या जागा रिकाम्या सोडू नका. दुसऱ्याने सुचविलेल्या नावावर अंगठाही उठवू नका. समितीने करावयाच्या शाळा विकास आराखड्यावरच अनुदान अवलंबून असते. त्यात प्रत्येक तडा आणि प्रत्येक गळती लिहवून घ्या. अभियंत्याकडून इमारतीची तपासणी करून लेखी अहवाल मागा; धोक्याची खोली निघाल्यास ती त्याच दिवशी बंद करावयास लावा, मात्र त्या निमित्ताने शाळाच बंद करण्याचा घाट घातला गेल्यास ग्रामसभेत विरोधाचा ठराव मांडा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून परतू नका. आणि नोंदवह्यांचे कपाट या पावसाळ्यापूर्वी कोरड्या खोलीत हलवा. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही.