तिसरा डोस

हिपॅटायटिस बीची लस तीन डोसांत घ्यायची असते. पहिला डोस आज, दुसरा महिन्याभरानं आणि तिसरा पहिल्यापासून सहाव्या महिन्यात. तीन पूर्ण झाले की बहुतेक निरोगी माणसांना मिळणारं संरक्षण वर्षानुवर्षं टिकतं. आता रुग्णालयात कचऱ्याच्या पिशव्या उचलणाऱ्या, थिएटरची फरशी पुसणाऱ्या, बेडपॅन धुणाऱ्या मावशा-मामांची नोकरी बघा. बहुतेक ठिकाणी ही मंडळी ठेकेदाराची माणसं असतात. ठेका संपतो, नवी एजन्सी येते. नाही तर मधेच सुपरवायझरचा फोन येतो की उद्यापासून दुसऱ्या हॉस्पिटलला जा. सहा महिने एका जागी राहण्याचीच ज्यांना शाश्वती नाही, त्यांना तिसरा डोस कोण देणार?

हा प्रश्न माझ्या मनात शिरला तो वडिलांना एका खाजगी रुग्णालयात ठेवलं होतं तेव्हा. सकाळच्या पाळीच्या मावशी पिशव्या बदलत होत्या. लाल पिशवी गच्च भरली होती आणि तोंड बांधायला जागाच उरली नव्हती. त्यांनी तळव्यानं पिशवी खाली दाबली आणि झटकन हात मागे घेतला. कुणीतरी वापरलेली सुई पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात न टाकता सलाइनच्या नळीसोबत तशीच पिशवीत टाकली होती. ती रबरी हातमोज्यातून अंगठ्यात गेली. मावशींनी बेसिनवर जाऊन हात धुतला, अंगठा पदराला पुसला आणि पुन्हा पिशवी बांधायला घेतली. सिस्टरनं बघितलं म्हणून त्यांना खाली कॅज्युअल्टीला पाठवलं. परत आल्या तेव्हा दंडावर कापसाचा बोळा होता. "टीटी दिलं," म्हणाल्या, "आता काळजी नाही."

मी विचारलं, "मावशी, बी-काविळीची लस घेतली होती का?"

"दोन झाल्या ताई. मग कंपनी बदलली. नवे साहेब म्हणाले, राहिलेली जुन्यांकडनं घ्या. जुनं ऑफिस आता कुठाय?"

"आणि कार्ड?"

"ते त्यांच्याच फायलीत."

टीटी धनुर्वातासाठी असतं. ते घ्यायलाच हवं, पण रक्तातून येणाऱ्या काविळीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. ‘सुई टोचली, टीटी घेतलं, झालं’ हे वाक्य त्यानंतर मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की मला त्याचीच भीती वाटायला लागली. रक्तानं माखलेल्या सुईतून तीन विषाणूंचा धोका मुख्य असतो. रुग्णाला एचआयव्ही असेल, तर एका टोचणीतून लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के. हिपॅटायटिस सी असेल, तर बराच काळ सांगितला गेलेला आकडा ३ टक्क्यांच्या आसपासचा. आणि हिपॅटायटिस बी असेल, रक्तात विषाणू भरपूर असेल आणि टोचलेल्या माणसानं लस घेतलेली नसेल, तर ३० टक्क्यांपर्यंत. वाळलेल्या रक्ताच्या डागातही हा विषाणू निदान सात दिवस तग धरतो. मोठ्या माणसांपैकी बहुतेक जण त्यातून आपोआप बरे होतात, हे खरं. पण काहींच्या यकृतात तो ठाण मांडून बसतो आणि पुढे सिरॉसिस किंवा कर्करोगापर्यंत नेतो. तोवर इतकी वर्षं गेलेली असतात की त्या जुन्या सुईची आठवण कुणालाच नसते. तिघांतला सर्वांत सहज लागणारा विषाणू हाच, आणि लस आहे तीही नेमकी ह्याच्यावरच. एचआयव्हीवर नाही, सीवरही नाही.

लस दुर्मीळही नाही. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं १९९७ मध्ये देशी लस बाजारात आणली, तेव्हापासून ती आपल्या आवाक्यात आली. बाळांच्या लसीकरणात ती देशभर पोचली २०११ च्या सुमारास. म्हणजे ती बाळं अजून शाळेच्या वयातच आहेत. आज जी माणसं रुग्णालयात कामाला आहेत, त्यातल्या बहुतेकांना लहानपणी ही लस मिळालेलीच नाही. त्यांना ती मिळायची तर कामाच्या जागीच मिळणार.

कायदाही हेच सांगतो. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापनाचे २०१६ चे नियम आहेत. कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वातापासून संरक्षण देणारी लस द्यायची, कामावर घेताना आणि नंतर वर्षातून निदान एकदा आरोग्य तपासणी करायची, ही जबाबदारी त्यात रुग्णालयावर टाकली आहे. ठेकेदारावर नाही, रुग्णालयावर. नियमाचे शब्द ‘आरोग्य कर्मचारी आणि इतर’ असे आहेत, आणि पगार कुणाच्या खात्यातून निघतो हे तिथे कुणी विचारलेलं नाही. अमेरिकेत १९९१ पासून मालकानं अशा कामगाराला काम सुरू झाल्यापासून कामाच्या दहा दिवसांत ही लस फुकट देऊ करावी असा दंडक आहे. आपल्या नियमाची भाषा काही कमी नाही. कमी पडते ती अंमलबजावणी, कारण लसीकरणाचं रजिस्टर कायम कर्मचाऱ्यांच्या यादीवरून भरलं जातं आणि मावशींचं नाव असतं एजन्सीच्या हजेरीपटावर.

शिबिरं होतात, नाही असं नाही. पण कितीतरी ठिकाणी ती होतात सकाळी अकरा ते एक. तेव्हा रात्रपाळीवाला घरी झोपलेला असतो आणि दिवसपाळीवाल्याला वॉर्ड सोडता येत नाही. दुसऱ्या दिवशी दंड दुखला, ताप आला तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. दुसरी भीती त्याहून खोल आहे. ‘लस देण्याआधी रक्त तपासतील, आजार निघाला तर कामावरून काढतील.’ ही भीती मला अजिबात खुळी वाटत नाही. म्हणून सांगायला हवं की लस घेण्यासाठी आधी रक्त तपासण्याची अट नाही. आणि तपासणी केलीच, तर तिचा निकाल सुपरवायझरच्या टेबलावर जाता कामा नये. तो त्या माणसाचा आणि डॉक्टरचा.

हे जमणार नाही असं मला कुणी सांगू नये, कारण आपण ते केलेलं आहे. १६ जानेवारी २०२१ ला कोविडची लस सुरू झाली, तेव्हा दिल्लीच्या एम्समध्ये पहिली सुई एका सफाई कर्मचाऱ्याच्या दंडात गेली. मावशा-मामा डॉक्टरांच्या आणि सिस्टरांच्या रांगेत उभे राहिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कारखान्यांत आणि कचेऱ्यांतही लसीकरणाची मुभा मिळाली. त्या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती नोंद. पहिला डोस पुण्यात घेतला आणि दुसऱ्यापर्यंत माणूस लातूरला गावी गेला, तरी मोबाइल नंबरावर त्याची नोंद सापडायची. प्रमाणपत्र त्याच्या स्वतःच्या फोनवर यायचं. ते कुठल्या कंपनीच्या फायलीत अडकून पडत नव्हतं. हिपॅटायटिस बीच्या तीन डोसांसाठी हे का होऊ नये? आणि तिसरा डोस राहिला, सहा महिने उलटून गेले, तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. उरलेला तेवढा घ्यायचा असतो. मावशींना हे कुणी सांगितलंच नव्हतं. दोन वाया गेल्या असंच त्या धरून चालल्या होत्या. वडिलांना बघायला येणाऱ्या डॉक्टरांकडे मी विषय काढला. त्यांनी इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरना बोलावलं, आणि त्याच दिवशी मावशींचं रक्त तपासलं गेलं, राहिलेला डोसही मिळाला. ते बरं झालं. पण तो योगायोग होता. योगायोगावर कुणाचं यकृत सोडून देता येत नाही.

करायचं काय, हे अवघड नाही. ठेक्याच्या निविदेत एक कलम हवं: येणाऱ्या प्रत्येक माणसाचं लसीकरण रुग्णालय स्वतःच्या खर्चानं आणि कामाच्या वेळेत करील, ठेकेदार कुणीही असो. कार्ड कामगाराच्या हातात द्यायचं आणि त्याचा फोटो त्याच्या मोबाइलवर. ठेका बदलताना जुन्या एजन्सीनं हजेरीपटाबरोबर डोसांची यादीही नव्या एजन्सीकडे सोपवायची. तीस किंवा जास्त खाटांच्या रुग्णालयांना कचरा व्यवस्थापनाची समिती ठेवावीच लागते, दर सहा महिन्यांनी तिची बैठक होते आणि बैठकीचं इतिवृत्त वर्षाच्या अहवालासोबत द्यावं लागतं. त्या बैठकीत कंत्राटी माणसांची नावं एकेक करून वाचावीत, आणि ज्याच्या नावापुढे तिसऱ्या डोसाची तारीख नाही, त्याला त्याच दुपारी वॉर्डमधून बोलावून घ्यावं.