स्मरणिका, हँडबिले आणि जमातीचे कपाट

मराठी मुसलमानांवर संशोधन करणारे विद्यार्थी अधूनमधून फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘सर, संदर्भग्रंथ कोणते?’ मी चारपाच नावे सांगतो आणि मग म्हणतो, आता पुस्तके पुरे, कागद शोधा.

व्यापारी प्रकाशकाच्या हाताखालून न गेलेले साहित्य म्हणजे ‘ग्रे लिटरेचर’. समित्यांचे अहवाल, संस्थांची इतिवृत्ते, प्रबंध, स्मरणिका, हँडबिले, सगळे त्यात आले. आपल्या बाबतीत त्याचे मोल अधिक आहे. आपल्यावरची बहुतेक पुस्तके तलाक, दंगल आणि फाळणी यांभोवतीच फिरतात. मराठी शाळेसाठी वर्गणी काढणारी जमात किंवा पतसंस्था चालवणारा बागवान त्यांत सापडत नाही. प्रकाशकाला त्यात गिऱ्हाईक दिसत नाही, आणि संशोधक प्रकाशकाच्या मागे जातो. मग समाजाचे जे चित्र उभे राहते, तेच वर्तमानपत्रांत आणि न्यायालयांत उद्धृत होते.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात महिलांचा मोर्चा विधिमंडळावर नेला, हे आपल्याला पाठ आहे. त्या सातजणींच्या घरी त्या काळातले एखादे पत्र असेल का, हे विचारायला किती अभ्यासक गेले?

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. अशा संमेलनाची स्मरणिका हाती आली की लोक अध्यक्षीय भाषण शोधतात. मी आधी जाहिराती वाचतो. पानभर जाहिरात कोणी दिली, नुसते ‘हार्दिक शुभेच्छा’ लिहून कोणी सुटका करून घेतली, यावरून चळवळीला गावात कोणाचा आधार होता ते कळते. अर्थात देणगीदाराबद्दल स्मरणिका कधी वाईट बोलणार नाही, हे धरूनच ती वाचायची.

हँडबिलावर बहुधा साल नसते. तरी तळाशी मुद्रकाचे नाव आणि गाव असते, कारण १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्याने ते बंधनकारक केले होते. तारीख आणि वार दिले असतील तर जुन्या कॅलेंडरवरून संभाव्य वर्षे काढता येतात. सोबत हिजरी महिना असला तर एखाददुसरेच वर्ष उरते.

प्रबंध ‘शोधगंगा’वर फुकट वाचता येतात. सरकारी अहवाल दडून बसला असेल तर दहा रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करावा. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. मराठवाड्यातल्या दर्ग्यांच्या इनामांचा शोध घ्यायचा तर निजामाच्या काळातले मुंतखब वाचावे लागतात. त्यासाठी उर्दू लिपी शिकण्याला पर्याय नाही. अनुवादकावर विसंबून हे काम होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण दोष एकट्या संशोधकांचा नाही. जमातीच्या कपाटाची किल्ली मुतवल्लींकडे, मुतवल्ली बाहेरगावी, आणि आत वाळवी. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्यानंतर ‘उमीद’ पोर्टलवर नोंदी भरायची वेळ आली, तेव्हा कित्येकांना ते कपाट आठवले. इतिहासासाठी कोणी उघडले नव्हते, मिळकतीसाठी उघडले. चला, तसे का होईना! आता उघडलेच आहे तर सनदेच्या जोडीला वर्गणीच्या वह्या, सभांची इतिवृत्ते आणि उरुसाची हँडबिलेही मोबाइलवर टिपून घ्या. कागदाची मागची बाजूसुद्धा. हिशेब पुष्कळदा तिथेच लिहिलेला असतो.