एका फायबरवर किती घरे, हे ग्राहकाला कळावे : निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली

विषय : सामायिक फायबर जोडणीवरील घरांची संख्या व गर्दीच्या वेळचा किमान वेग जाहीर करण्याबाबत.

महोदय,

आम्ही पुण्यातील गृहनिर्माण संस्थांचे सभासद. बिल २०० एमबीपीएसचे भरतो. रात्री नऊला परदेशी कार्यालयाशी बैठक सुरू झाली की चित्र गोठते. तक्रारीवर उत्तर ठरलेले : राउटर बंद करून चालू करा.

घरोघरी आलेली जोडणी बहुधा जीपॉन पद्धतीची असते. एक्स्चेंजमधून निघालेली एक तार स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. या सर्वांत मिळून डाउनलोडला सुमारे २.५ जीबीपीएस, अपलोडला त्याच्या निम्मे. सगळ्यांनी एकदम मागितले, तर ३२ घरांत प्रत्येकी ७८ एमबीपीएस येतात, ६४ घरांत ३९. सगळे एकदम मागत नाहीत, या हिशेबावर ही सेवा परवडते. त्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती हिशेब झाकण्याला. ब्रॉडबँडची किमान व्याख्या २०२३ पासून २ एमबीपीएस आहे, पण तेवढ्याने २०० चे पैसे घेणाऱ्याची जबाबदारी संपत नाही.

प्रकाशाचेही तसेच. ३२ वाटे करताना १५ डेसिबलहून अधिक ताकद स्प्लिटरमध्येच जाते, आणि नेहमीच्या उपकरणांना एकूण मुभा २८ ची. आमच्या एका जिन्यात नव्या जोडण्यांसाठी चालू तारेवरच दुसरा स्प्लिटर चढवला, पॅचकॉर्ड ग्रिलच्या गजाला पिळून बांधली. वरच्या मजल्यांवर लाल दिवा लागला. शिवाय अपलोडला प्रत्येक घराची वेळ ठरलेली असते. एखादे बिघडलेले यंत्र आपली पाळी सोडून प्रकाश फेकू लागले, की त्या शाखेवरची, म्हणजे त्याच तारेवरची, सगळी घरे अडकतात. कंपनी मात्र प्रत्येक घराची तक्रार वेगळी नोंदवते.

म्हणून शाखेवरील जोडण्यांची संख्या दर बिलावर छापावी. रात्री ८ ते ११ मधील किमान डाउनलोड व अपलोड वेग करारात लिहावा. जोडणी देताना घरात पोहोचणाऱ्या प्रकाशाची पातळी मोजून ग्राहकाला लेखी द्यावी. शाखेचा बिघाड ही एकच तक्रार धरून सर्वांना बिलात सवलत द्यावी. गर्दीच्या शाखा जीपॉनऐवजी अधिक क्षमतेच्या एक्सजीएस-पॉन पद्धतीवर न्याव्यात. तार व स्प्लिटर तेच राहतात, दोन्ही टोकांची यंत्रे बदलावी लागतात, रस्ता खोदावा लागत नाही.

यांपैकी पहिली मागणी जवळपास बिनखर्चाची आहे. तिच्यावर आदेश काढण्यापूर्वी ग्राहकांची सुनावणी घ्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
गृहनिर्माण संस्थांचे सभासद, पुणे