न दुखणाऱ्या जखमेची तातडी

करोनाच्या साथीत रुग्णांची ‘तातडीचे’ आणि ‘थांबू शकणारे’ अशी विभागणी झाली, तेव्हा मधुमेहींचे पाय बहुतेक ठिकाणी दुसऱ्या रांगेत गेले. २५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. मुंबईची लोकल सर्वसामान्यांसाठी त्याआधीच थांबली होती. नेमाने मलमपट्टीला येणारा रुग्ण घरीच अडकला.

ही विभागणी फसली ती वेदनेच्या निकषामुळे. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात. खडा रुतला, कढत पाण्याने भाजले, तरी कळत नाही. रक्तपुरवठाही कमी असेल तर जखम भरत नाही आणि संसर्ग हाडापर्यंत पोचू शकतो. इटलीत नेपल्समधील एका केंद्राने टाळेबंदीच्या काळाची २०१९ मधील काळाशी तुलना केली, तेव्हा पायाचा भाग कापावा लागण्याचा धोका तिपटीहून अधिक आढळला. एका केंद्राचा अनुभव सर्वत्र लागू करणे धाडसाचे. परंतु उशिराची किंमत त्यातून दिसते.

टाळेबंदी लागू झाली त्याच दिवशी केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. मोबाइलवर आलेल्या छायाचित्रांनी काही पाय निश्चितच वाचले असतील. मात्र छायाचित्रात जखमेची खोली, वास वा घोट्याजवळची नाडी कळत नाही. मृत त्वचा काढायला आणि तळव्यावरचा भार हलका करणारे प्लास्टर घालायला माणसाचाच हात लागतो. घरच्यांना जमण्याजोगी एक चाचणी मात्र या काळात पुढे आली. रुग्णाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने दोन्ही पावलांच्या पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या बोटाच्या टोकाला हलकेच स्पर्श करायचा. सहापैकी दोन वा अधिक स्पर्श जाणवले नाहीत, तर पाय जोखमीत.

आपल्याकडे आणखी एक अडचण होती. चपला उंबऱ्याबाहेर काढण्याचा शिरस्ता चांगलाच. पण महिनोन्महिने घरात कोंडलेला बधिर पाय त्यामुळे दिवसभर अनवाणी राहिला.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींवर असल्याचा अंदाज दिला. साथीतही डायलिसिस अत्यावश्यक सेवा म्हणून चालू ठेवण्याचे आदेश होते. पुढील साथीच्या आराखड्यात पायाच्या जखमेची मलमपट्टी त्याच यादीत घालायला नवे यंत्र लागत नाही. प्रशिक्षित परिचारिका आणि रुग्णाला तिच्यापर्यंत पोचवणारे वाहन लागते.