थळची जावा

गेल्या महिन्यांत आमचे थळचे शेजारी व जुने स्नेही निवर्तले. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यांतून १९६१ पासून निघूं लागलेल्या मोटरसायकलींपैकीं एक त्यांनीं खाऱ्या वाऱ्याशीं झगडत जन्मभर सांभाळली. रोज सायंकाळीं तेलाचें फडकें! आम्ही त्यास ‘लोहपूजा’ म्हणून हिणवीत असूं. पुढें एका पावसाळी रात्रीं त्याच गाडीवरून त्यांनीं आमच्या धाप लागलेल्या सौभाग्यवतींस अलिबागेस डॉक्टरांकडे पोंचविलें. तो शब्द आम्हीं पुन्हां उच्चारला नाहीं. क्षमाही मागितली नाहीं.

त्या गाडीची दांडी एकच: उभी वळवून लाथ मारली कीं इंजिन सुरू, आडवी केली कीं तिनेंच गिअर बदलावयाचे. चिरंजीवांस तें साधेना. तेराव्यास पुण्याहून समव्यसनी मंडळी आपापल्या जुन्या गाड्यांवरून आली. एकानें ती सुरू केली. तो फटफट आवाज ऐकतांच आमच्या सौभाग्यवती माजघरांतून धांवत ओटीवर आल्या.