भट्टीचा धूर आणि पोटाचा प्रश्न

नानखलिया हा छत्रपती संभाजीनगरच्या अभिमानाचा विषय. इ. स. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादेस हलविली, तेव्हा त्याच्या लष्कराबरोबर हा पदार्थ येथे आला, अशी लोकश्रुती आहे. ती इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो, तंदुरापुढे बापामागून मुलगा उभा राहत आला म्हणूनच नान टिकला, हे खरे. पुण्या-मुंबईत इराणी कुटुंबांनी बेकरी रुजविली तीही अशीच. पुण्याची १९५५ सालची कयानी बेकरी हे त्याचे ठळक उदाहरण होय.

या कौटुंबिक धंद्यापुढे आता धुराचा प्रश्न उभा आहे. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. तो मुंबईपुरता असला, तरी २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांत हे शहरही आहे. तेव्हा मुंबईत जे घडले ते येथे घडणारच नाही, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

धुराचे समर्थन कोणी करू नये. त्याचा पहिला बळी भट्टीपुढचा कारागीरच असतो. परंतु इंधन बदलणे म्हणजे घरातली शेगडी बदलणे नव्हे. लाकडाच्या आचेसाठी बांधलेली भट्टी मोडून नवी उभारावी लागते आणि तोवर धंदा बंद राहतो. मोठा कारखाना हा भार सोसतो. रोजच्या विक्रीवर चूल पेटणाऱ्या कुटुंबाने तो कसा सोसावा?

शासनाचे धोरणही या व्यवसायाबाबत स्थिर राहिलेले नाही. १९६५ मध्ये सरकारने स्वतःच मॉडर्न बेकरीज काढली आणि २००० मध्ये ती हिंदुस्थान लिव्हरच्या हाती सोपविली. पाव लघुउद्योगांसाठी राखीव होता. ते आरक्षण २०१५ मध्ये उठले. संरक्षण गेलेल्या या धंद्यावर उद्या केवळ बंदीची नोटीस बजावणे न्याय्य होणार नाही.

स्वच्छ हवा साऱ्या शहराची असेल, तर तिची किंमतही साऱ्या शहराने उचलावयास हवी. महापालिकेने जेथे भट्ट्या अजून लाकूड-कोळशावर चालतात त्यांची आधी नोंद करावी. अल्प व्याजाचे कर्ज आणि पुरेशी मुदत मिळवून द्यावी. अन्यथा धूर जाईल, पण त्याबरोबर पिढ्यांचे हातचे कसबही जाईल. आणि ते कोणत्याही योजनेतून परत आणता येणार नाही.