साठ गुण वहीचे

"नाटकबिटक आता पुरे, पुढच्या वर्षी दहावी आहे." गणपती उठले की वडोदऱ्याच्या आपल्या मंडळींत हे वाक्य कुठल्या ना कुठल्या घरात ऐकू येतंच. यंदा ते माझ्या भाचीच्या वाट्याला आलं. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या मावसबहिणीचा फोन आला. तिच्या मुलाने जीसीएसईला, म्हणजे तिकडच्या दहावीला, 'ड्रामा' हा विषय घेतलाय. हौस म्हणून नव्हे, रसायनशास्त्रासारखा, गुणांचा.

मी अभ्यासक्रम शोधून वाचला. (धंद्याची सवय. आधी डॉक्युमेंटेशन, मग मत.) एक्यूए या परीक्षा मंडळाच्या योजनेत 40 टक्के गुण लेखी परीक्षेला. त्यात नेमलेलं नाटक, शिवाय प्रत्यक्ष पाहिलेल्या प्रयोगाचं रसग्रहण. 20 टक्के नाटकातले उतारे सादर करण्याला. उरलेल्या 40 टक्क्यांसाठी मुलांनी गट करून स्वतः नाटक रचायचं. मला गंमत वाटली ती इथे. या भागाचे गुण 80, त्यातले प्रयोगाला फक्त 20. बाकीचे 60 वहीला! कल्पना कुठून सुचली, तालमीत काय बदललं, का बदललं, काय फसलं, हे सगळं त्या वहीत. आणि अभिनयच करायला हवा असंही नाही. प्रकाशयोजना, ध्वनी, नेपथ्य किंवा वेशभूषा करूनही हे गुण मिळतात.

आपल्याकडे काय होतं? पाठांतर चांगलं त्याला राजाचं काम, लाजतो त्याला झाडाचं. दिग्दर्शक काका सांगतील तेव्हा हात वर, सांगतील तेव्हा खाली. गॅदरिंग मलाही आवडतं, पण त्याला नाटकाचा अभ्यास म्हणता येत नाही. सयाजीराव महाराजांनी 1886 मध्ये गायनशाळा काढली, त्या गावात आज विद्यापीठात नाट्यशास्त्राची पदवी मिळते. माझ्या माहितीतल्या एकाही शाळेत मात्र आठवी ते दहावीला नाटक हा विषय नाही. मधली पायरीच गायब.

ती पायरी आपल्या मंडळाच्या एकांकिकेत निदान थोडी बांधता येईल. तिथे आणखी एक गोष्ट पणाला लागलेली आहे. आपली बरीच मुलं मराठी संवाद गुजराती लिपीत लिहून पाठ करतात. बोलतात छान, वाचताना अडखळतात. अशा मुलांना तालमीची वही मराठीत लिहायला लावली तर? लिपी सुरुवातीला कुठलीही चालेल.

बहिणीशी तह झाला: आठवडाभर क्लास, रविवारी तालीम. भाचीने वही सुरू केली आहे. तिला आजीचं काम मिळालंय. पहिल्या पानावर गुजराती अक्षरांत लिहिलंय, "आजी 'माजघर' म्हणते तेव्हा मी कुठे बघू? मी माजघर पाहिलेलंच नाही."

पुढच्या रविवारी तालमीला माझ्या आईला बोलावलंय, माजघर समजावून सांगायला.